दुपारी एकनंतरची बालवाडी

बालवाडी एक वाजता सुटते आणि काजूचा कारखाना पाचला. मधल्या चार तासांत चार वर्षांचं मूल कुठे असतं, हा या प्रकरणाचा मूळ प्रश्न. तो आम्हाला उशिरा सुचला. बालवाडीचा विचार आम्ही नेहमी मुलांना काय शिकवायचं इथूनच सुरू करत आलो होतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत वर्षानुवर्षं पहिलीचा वर्ग घेतला. निवृत्त झाल्यावर वेंगुर्ले तालुक्यातल्या एका किनारी वाडीवरच्या महिला मंडळाच्या बालवाडीत जाऊ लागले. ही बालवाडी तीन तासांवरून आठ तासांवर नेताना काय काय झालं, ते इथे लिहिते आहे. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही. मुलांना घरात ज्या हाका मारतात, त्याच वापरल्या आहेत.

वाडी आणि तिचा दिवस

एका अंगाला खाडीचं तोंड, दुसऱ्या अंगाला सुरूचं बन, मागे डोंगरउतारावर हापूसची कलमं आणि काजू. पुरुषांतले बरेच जण मुंबईला, उरलेले रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, नाहीतर बागेत. बायका मोठ्या संख्येने काजूच्या कारखान्यात. कारखाना म्हटलं की धुराडं डोळ्यांपुढे येतं, तसं इथे काही नाही. पत्र्याच्या शेडा, काही ठिकाणी तर घरामागची वाढवलेली पडवी. बी वाफेवर उकडायची, वाळवायची, हातापायाने चालणाऱ्या यंत्रावर एकेक करून कापायची, गर काढून भट्टीत सुकवायचा, त्याची साल सोलायची, मग अख्खा गर, पाकळी, तुकडा असं वेगळं करायचं. टरफलातल्या तेलाने कापणाऱ्या बाईचे हात काळे पडतात, कातडी सोलवटते. पैसे किलोवर.

हे किलोवरचे पैसे समजून घेतल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही. पहिल्याच बैठकीत एक आई उभी राहून म्हणाली, "बाई, एकाक सोडल्यात तर मी येव कशी? थंय किलोवर पैसे गावतत." एक वाजता मुलाला आणायला गेली की यंत्रावरची तिची जागा दुसरीला मिळते. म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

कायद्याला हा प्रश्न माहीत नव्हता असं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने, १९७६ च्या दुरुस्तीनंतर, तीसपेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची खोली मालकावर बंधनकारक केली. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला पाळणाघर आवश्यक झालं. आमच्या वाडीच्या आसपासच्या शेडांत बारा, पंधरा, फार तर वीस बायका. सगळ्या शेडा मिळून शंभरावर होतील, पण कायदा एकेक शेड मोजतो.

मग मी आणि बालवाडीच्या बाई घरोघरी गेलो. दुपारी दीड ते चार याच वेळात जायचं, असं ठरवून. एका घरी आजी माजघरात आडवी पडलेली, गुडघ्याला एरंडाचं पान बांधलेलं, आणि नातू मोबाईलवर. आजीनेच सांगितलं, "मोबाईल दिल्याशिवाय जेवणा नाय." तिच्या स्वरात तक्रार नव्हती, थकवा होता. दुसऱ्या घरी कुणीच नव्हतं. मूल शेजारी होतं आणि शेजारीण विहिरीवर. दोन मुलं थेट कारखान्याच्या दारात, पोत्यावर बसलेली, भट्टीपासून दहा पावलांवर. आणि एका घरी नऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी. तिसरीत होती. त्या दिवशी शाळा चालू होती.

ती मुलगी पाहिली आणि मला बोर्डी आठवली. १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तोही कोकणचाच किनारा, पालघरकडचा. अनुताई वाघ तिथे त्यांना येऊन मिळाल्या. पुढे दोघी कोसबाडच्या डोंगरावर गेल्या. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जायचं, ही ताराबाईंची अंगणवाडी. आणि कडेवर भावंड असल्यामुळे मोठं मूल शाळेत येत नसेल तर शाळेच्या शेजारी पाळणाघर हवं, ही त्यांची विकासवाडी: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. अंगणवाडी हा शब्द आपण सगळ्यांनी घेतला, १९७५ पासून देशभर रुजवला. विकासवाडी मात्र मागे राहिली. मला याचं फार वाईट वाटतं, कारण दारात उभ्या असलेल्या त्या तिसरीतल्या मुलीचं उत्तर विकासवाडीत होतं.

सुरुवात, आणि माझी चूक

जूनमध्ये मंडळाने ठरवलं. देवळाच्या धर्मशाळेची खोली सकाळी नऊला उघडायची, सव्वापाचला बंद करायची. पटावर २३ मुलं, तीन ते सहा वयाची. त्यांतली १५ पूर्ण दिवस थांबणार, बाकीची पूर्वीसारखी एकला घरी जाणार. बालवाडीच्या बाई एकट्या होत्या. मदतीला एक काकी घेतल्या. चार बुकं शिकलेल्या, तीन मुलं वाढवलेल्या, पूर्वी स्वतः काजू कापणाऱ्या. वजन, लसीकरण आणि आहार गावातल्या अंगणवाडीच्या सेविकाबाई पाहत होत्याच. त्यांनी आनंदाने हातभार लावला.

दुपारच्या वेळेचं काय करायचं, हे ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं. पालकांची मागणी स्पष्ट होती. शहरातली पोरं चार वर्षांची असताना ए बी सी डी म्हणतात, आमची का नाही? एवढा वेळ मिळाला आहे तर अभ्यास घ्या. मीही पहिलीची मास्तरीण. सकाळी जे अर्धवट राहतं ते दुपारी पुरं करू, असं मला मनापासून वाटलं. म्हणून दुपारी दोन ते साडेतीन पाट्या, अंक, अक्षरं. मग थोडा खाऊ, मग पुन्हा गाणी आणि उजळणी.

दोन महिने आम्ही हे चालवलं. मुलं तीनच्या सुमारास रडायला लागत. एक रडलं की पाठोपाठ चार. एकमेकांना चावणं सुरू झालं, जे सकाळच्या वेळेत कधीच नव्हतं. मोठ्या गटातली, कधीचीच चड्डी ओली न करणारी दोन मुलं पुन्हा ओली करू लागली. सकाळीसुद्धा काही जण दारातून आत यायला तयार होईनात. बाई मला म्हणाल्या, "पूर्वी ही मुलं धावत यायची." मी त्यांना सांगितलं की सवय होईल. ते चुकीचं होतं. मुलं काय सांगत होती ते मी ऐकत नव्हते.

बदल माझ्या बुद्धीने झाला नाही. जुलैअखेरचा दिवस, पाऊस असा की समोरचं सुरूचं बन दिसेना. दुपारी दीडला लाईट गेली. धर्मशाळेला खिडक्या दोनच, त्याही पावसामुळे लावलेल्या. अंधारात पाटीवरचं काही दिसेना. काकींनी कुणाला न विचारता कोपऱ्यातल्या चटया उलगडल्या, वर आपल्या घरच्या दोन गोधड्या टाकल्या, एका मुलाला मांडीवर घेतलं आणि हळू आवाजात काहीतरी गुणगुणत बसल्या. कौलांवर पाऊस वाजत होता. पंधरा मिनिटांत पंधरापैकी अकरा मुलं झोपली. उरलेली चार तशीच पडून राहिली, छपराकडे बघत. तीनला एकेक करून उठली. त्या दिवशी पाच वाजेपर्यंत कुणी रडलं नाही, कुणी कुणाला चावलं नाही.

दुसऱ्या दिवशी लाईट होती. काकींनी तरीही चटया घातल्या. मी पाट्या कपाटात ठेवल्या.

झोपेबद्दल मी नंतर वाचलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रिबेका स्पेन्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीच्या वयाच्या ४० मुलांवर केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सकाळी मुलांना चित्रांच्या जागा लक्षात ठेवायचा खेळ दिला. दुपारी झोपल्यावर मुलांना त्या जागा जास्त आठवल्या. जागं ठेवलेल्या दिवशी त्याच मुलांना कमी आठवल्या, आणि रात्रीच्या झोपेनेही ती तूट भरून निघाली नाही. रोज दुपारी झोपायची सवय असलेल्या मुलांत हा फरक जास्त होता. म्हणजे सकाळचं शिकलेलं पक्कं करायला मी दुपारी पाट्या घेत होते, आणि ते पक्कं करणारी झोप मीच काढून घेतली होती.

नवा दिवस

ऑगस्टपासून दिवसाची घडी बदलली. नऊला मुलं यायची, उकड्या तांदळाची पेज आणि सोबत चवीपुरतं काहीतरी. दहा ते साडेबारा पूर्वीचीच बालवाडी: गोष्ट, गाणी, मोजणं, चित्रं, मातीकाम. मग जेवण. जेवणाला पाऊण तास, घाई नाही. सव्वाला चटया. पावणेतीनच्या आसपास उठणं, तोंड धुणं, खाऊ. आणि मग जवळजवळ दोन तास मोकळा खेळ, पाऊस नसेल तर बनात.

जेवणाबद्दल थांबून लिहायला हवं. पहिल्या महिन्यात निम्मी मुलं ताटाकडे बघत बसायची, कारण घरी भरवून घ्यायची सवय. काकींनी भरवणं नाकारलं. त्या स्वतः मुलांच्यात पाट मांडून जेवायला बसल्या. कुळथाची पिठी आणि भात कालवताना बोटं कशी वापरायची, हे पहिल्यांदाच करणारी चार वर्षांची मुलं होती. सांडायचं, पुसायचं, पुन्हा वाढून घ्यायचं. बोलणं तर एवढं की बाई म्हणाल्या, सकाळच्या अडीच तासांत मूल जेवढं बोलत नाही तेवढं जेवताना बोलतं. मी तीन दिवस शेजारी बसून नुसतं ऐकलं. रापणीला काय लागलं, कुणाची म्हैस व्याली, आवस (आई) काय म्हणाली, मुंबईहून बापूस कधी येणार. ही वाक्यं लांब होती. त्यांत "कारण" होतं, "पण" होतं, "मग" होतं. सकाळी गोलात बसून विचारलेल्या प्रश्नाला हीच मुलं एका शब्दात उत्तर देत. पहिलीत वाचायला शिकताना ज्या भाषेवर मूल उभं राहतं, ती भाषा इथे तयार होत होती, भाताच्या ताटापाशी.

आणि खेळ. तीन तासांच्या बालवाडीत मुक्त खेळाला वीस मिनिटं असत. तेवढ्यात मुलं कोण कोण व्हायचं ते ठरवतात, भांडतात, सामान गोळा करतात, आणि खेळ रंगायला लागतो तोच "चला, आवरा" होतं. दोन तासांत वेगळंच घडतं. डिसेंबरात गावात दशावताराचं नाटक झालं, त्यात संकासुर हा राक्षस. दुसऱ्या दिवसापासून बनात दशावतार. पहिल्या दिवशी नुसती "संकासुर इलो रे!" म्हणून पळापळ. तिसऱ्या दिवशी संकासुराला काळं कापड मिळालं, पेटी वाजवायला पत्र्याचा डबा आला, तिकिटं म्हणून सुरूची फळं. पाचव्या दिवशी एका मुलीने ठरवलं की संकासुराला पण घर आहे आणि त्याची आवस कारखान्यात जाते. आठवडाभर चाललेली ती गोष्ट कुणी शिकवलेली नव्हती. आज कुठे थांबलो हे उद्या आठवायचं, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, दुसऱ्याला राक्षस व्हायचं असेल तर वाटाघाट करायची. मोठ्यांनी घडवून आणायचं ठरवलं तर हे कधी घडणार नाही.

बाबू

इकडे निम्म्या मुलग्यांना घरी बाबूच म्हणतात, तसा हाही बाबू. आला तेव्हा साडेचार वर्षांचा. मोबाईलशिवाय न जेवणारा तोच. त्याची आई कापणीच्या यंत्रावर, बाप मुंबईला. पहिले काही महिने तो कोपरा धरून बसायचा. अंक म्हणायचा वीसपर्यंत, घडाघडा, पण पाच शिंपले दे म्हटलं तर मूठभर द्यायचा.

जानेवारीत बनात मासळीबाजार सुरू झाला. मुलींपैकी दोघींच्या आया मासळी विकणाऱ्या, त्यामुळे बाजार अगदी खरा. वाळूवर करवंट्या, करवंट्यांत तिसऱ्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) शिंपा, समोर वाटे मांडलेले. बाबू गिऱ्हाईक. एका दिवशी तो अडला. त्याच्यासमोरच्या दोन वाट्यांपैकी एकात कमी होत्या. त्याने दोन्ही वाटे जवळ ओढले, एक शिंप इकडची, एक तिकडची अशी जोडीने लावली. एका वाट्यात दोन उरल्या. त्याने विक्रेतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "ह्यात दोन कमी आसत. दोन घाल, मग घेतंय."

मी तिथेच सुरूच्या खोडाला टेकून बसले होते. पहिलीच्या वर्गात "कमी किती" हे उदाहरण समजावताना मुलं किती अडखळतात, हे मला पक्कं माहीत आहे. ते कुणी न शिकवता त्याच्या हातातून झालं. वीसपर्यंत अंक त्याला जूनमध्येही येत होते. मोजणं जानेवारीत आलं. मधल्या काळात त्याला जे मिळालं ते धडे नव्हते, शंभर दुपारी होत्या.

घरचा बदल आजीने सांगितला. आता रात्री मोबाईल न मागता जेवतो आणि आजीला आपल्या ताटातलं कालवून भरवायला बघतो.

कांछी

नोव्हेंबरात कलमांच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं येतात, आंबा उतरला की जूनच्या तोंडावर परत जातात. बागेतल्या खोपीत राहतात, रात्रभर वानरं आणि चोर यांच्यावर नजर. एका कुटुंबातली धाकटी, घरचे तिला कांछी म्हणत, साडेतीन वर्षांची. बागायतदारानेच आणून सोडली.

तिला इथलं एक अक्षर कळत नव्हतं. सकाळच्या गोष्टीच्या वेळी ती भिंतीकडे तोंड करून बसे. बाई चित्रं दाखवत, शब्द सांगत, ती ओठ घट्ट मिटून घेई. असे तीन आठवडे गेले. तीन तासांचीच बालवाडी असती तर तिच्या वाट्याला रोज ही तीन तासांची भिंत आली असती, आणि मग डोंगरावरची एकटी खोप.

तिचा पहिला शब्द चटयांच्या वेळी आला. काकी एकेकाला गोधडी पांघरत चालल्या होत्या. त्या दिवशी थंडी होती आणि प्रत्येक मूल "माका, माका" करत होतं. काकी कांछीच्या पुढे गेल्या, कारण ती कधीच काही मागत नसे. मागून बारीक आवाज आला, "माका पण." काकी वळल्या. तिने पुन्हा म्हटलं, आता जोरात. बाईंनी तीन आठवडे प्रमाण मराठीतले शब्द शिकवले होते. आली ती मालवणी, मुलांची, गरजेपोटी आणि योग्य जागी. होळीपर्यंत ती मासळीबाजारात भाव करत होती.

दिवसाची लांबी कुणाला सर्वांत जास्त देते, असं मला विचारलं तर मी कांछीकडे बोट दाखवेन. ज्याच्या घरात शाळेची भाषा नाही, त्याला ती भाषा ऐकण्याचे तास लागतात. आणि त्या तासांत धडा नसलेला, दडपण नसलेला वेळ लागतो.

बाहेर काय दिसलं आहे

पूर्ण दिवसाच्या किंडरगार्टनवर सर्वांत जास्त अभ्यास अमेरिकेत झाले. तिथलं किंडरगार्टन म्हणजे पाच वर्षांच्या मुलांचा, शाळेला जोडलेला वर्ग, आपल्याकडच्या मोठ्या गटासारखा. अर्धा दिवस म्हणजे अडीच-तीन तास, पूर्ण दिवस म्हणजे साधारण सहा. ड्यूक विद्यापीठातल्या हॅरिस कूपर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. वर्षअखेर पूर्ण दिवसाची मुलं अभ्यासात पुढे दिसतात, पण तिसरीपर्यंत हा फरक जवळजवळ पुसला जातो. पूर्ण दिवसाच्या मुलांत आत्मविश्वास आणि इतरांबरोबर काम करण्याची, खेळण्याची तयारी जास्त दिसली. त्याच आढाव्यात हेही आहे की शाळेबद्दलची त्यांची ओढ काहीशी कमी असू शकते आणि वागणुकीच्या तक्रारी जास्त असू शकतात. हे वाक्य वाचताना मला आमचा जून आणि जुलै दिसला.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने २०१० पासून चार आणि पाच वर्षांच्या मुलांना पूर्ण दिवसाचं किंडरगार्टन टप्प्याटप्प्याने दिलं. तिथे वर्गात शिक्षिकेबरोबर बालशिक्षणाचं प्रशिक्षण घेतलेली दुसरी व्यक्ती ठेवली.

पण आमच्या सर्वांत जवळचा दाखला तमिळनाडूचा आहे. अलेहांद्रो गॅनिमियन, कार्तिक मुरलीधरन आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांनी तिथल्या ३२० अंगणवाड्यांचा अभ्यास केला. त्यांतल्या काहींना फक्त बालशिक्षणासाठी अर्धवेळ जादा कार्यकर्ती दिली. शिकवण्याचा प्रत्यक्ष वेळ दुप्पट झाला. दीड वर्षाने मुलांचं गणित आणि भाषा दोन्ही ठळकपणे सुधारलं, शिवाय खुरटेपण आणि तीव्र कुपोषणाचं प्रमाणही कमी आढळलं. अंगणवाडी सेविकेच्या माथ्यावर किती कामं असतात हे ज्याने पाहिलं आहे, त्याला यात आश्चर्य वाटणार नाही. नोंदवह्या, मोबाईलवरची माहिती, गृहभेटी, गरोदर बायका, लसीकरणाचा दिवस, आहाराचं वाटप. त्यातून शिकवायला किती वेळ उरेल? मी हे सांगते आहे कारण आमच्याकडे पाहुणे येतात आणि विचारतात, "तास वाढवले म्हणजे झालं ना?" तास वाढले आणि माणूस तोच एक राहिला, तर बाई दमतात आणि मुलं चावतात. काकी आल्या नसत्या तर आठ तासांची बालवाडी मी पहिल्या पावसात बंद करायला सांगितली असती.

ज्यांना जमलं नाही

बाय, तीन वर्षांची, आजोळी राहणारी. आई कारखान्यात म्हणून पूर्ण दिवस नाव घातलं. सहा आठवडे ती दुपारच्या जेवणानंतर दारात बसून राहायची. झोपायची नाही, खेळायची नाही, हाक मारली तर मान फिरवायची. रडणं थांबलं, तेव्हा आम्हाला वाटलं रुळली. काकी म्हणाल्या, "रुळली नाही, रडून दमली." घरी आजी धडधाकट होती, तिची वाट पाहत असायची, गोठ्यात वासरू होतं. आईशी बोलून तिला एक वाजता घरी पाठवायला लागलो. सकाळी ती पुन्हा हसत येऊ लागली. पुढच्या वर्षी बघू.

म्हणून मंडळाने आता नियमच केला आहे: पूर्ण दिवस सक्तीचा नाही, आणि तीन वर्षांचं मूल आलं तर पहिला महिना एकपर्यंतच, मग हळूहळू तास-तास वाढवत. नियम साधा आहे, पण तो बायने आम्हाला शिकवला.

पैसा, आणि घरं

काकींचं मानधन आणि जेवणाचा वाढीव खर्च हा खरा अडसर. पूर्ण दिवसाच्या आया महिन्याला थोडे पैसे देतात. जिला जमत नाही ती तांदूळ किंवा नारळ देते. उरलेलं मंडळ कोकम आणि आगळ विकून भागवतं. दोन शेडांच्या मालकांनी भर घातली. त्यांचा हिशेब सरळ होता, यंत्रावरची बाई दिवसभर हजर राहू लागली. बाकीचे अजून तयार नाहीत. मी मालकांकडे वारंवार जाते आणि जात राहीन.

आयांच्या मजुरीत फरक पडला, आणि तो घरातल्या बोलण्यातही दिसला. पूर्वी पाचला घरी येणारी आई पहिल्यांदा चूल, मग भांडी, मग चिडचिड. आता जेवलेलं, झोपलेलं, खेळलेलं मूल तिच्या हातात येतं. एक जण म्हणाली, संध्याकाळचा तास आता भांडणात जात नाही. सेविकाबाईंच्या वजनाच्या तक्त्यावर दोन मुलं कमी वजनाच्या पिवळ्या पट्ट्यातून योग्य वजनाच्या हिरव्यात आली. ते एकट्या बालवाडीमुळे झालं असं मी म्हणणार नाही, कारण त्याच वर्षी त्या घरांत पैसाही वाढला होता. आणि कडेवर भाऊ घेऊन उभी असलेली ती मुलगी आता चौथीत नियमित जाते. शाळा सुटली की बनात येते, धाकट्याला बघते, थोडा वेळ स्वतःही दुकान मांडते. नऊ-दहा वर्षांच्या मुलीचंही वय खेळण्याचंच असतं.

पहिली

जूनमध्ये बाबू आणि त्याच्या बरोबरची सहा मुलं पहिलीत गेली. शाळेतल्या बाई तरुण आहेत. मी शेवटी ज्या वर्गात शिकवलं त्याच वर्गात त्या आता शिकवतात. आठवडाभराने मी चौकशीला गेले. त्या म्हणाल्या, ही सात मुलं डबा स्वतः उघडतात, हात धुतात, प्रश्न विचारतात, पण अक्षरं बाकीच्यांपेक्षा फार जास्त येतात असं काही नाही. मी म्हटलं, येणारही नाहीत, आम्ही पाट्या कपाटात ठेवल्या होत्या.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. पहिल्या तीन दिवशी दुपारच्या जेवणानंतर बाबू उठून वर्गाच्या मागच्या भिंतीपाशी गेला आणि इकडेतिकडे बघत उभा राहिला. काय हवं विचारलं तर म्हणाला, "चटई खंय आसा?" आपण सात मुलांना आठ तासांच्या दिवसाची सवय लावली आणि पहिलीत ती एका दिवसात तोडली, हे तोवर आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

चौथ्या दिवशी बाईंनी घरून एक सतरंजी आणली आणि मागच्या भिंतीपाशी अंथरली. जेवणाच्या सुट्टीतली शेवटची वीस मिनिटं, ज्याला हवं त्याने पडायचं. पहिल्या दिवशी आमची सात जण गेली. मी गेले त्या दिवशी सतरंजीवर जागा उरली नव्हती, आणि बाई मंडळाकडे आणखी एक चटई मिळेल का असं विचारत होत्या.